शून्य अंतरावरचा फरक

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एक कळ दाबली आणि विहीर गेली. पडद्यावरचा नकाशा क्षणभर पांढरा झाला, मग वरून खाली पुन्हा रंगत आला, आणि जिथे मघाशी एक निळा ठिपका आणि त्याच्याभोवती एकात एक वर्तुळं होती तिथे आता आजूबाजूचाच तांबूस रंग पसरला, एकसारखा, गुळगुळीत, तिथे कधी काही नव्हतंच असा. "बघा, कसं लख्ख झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप उचलला. आपल्या टेबलावरून तो ते बघत होता. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं त्याला झालं. "परत आणा ती," तो म्हणाला. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडच्या खोलीतलं बोलणं थांबलं. बाईंनी कप खाली ठेवला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि दुसरी कळ दाबली. विहीर परत आली, वर्तुळांसकट. त्याने श्वास सोडला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. एका विहिरीसाठी एवढं. तीही त्याने कधी डोळ्यांनी न पाहिलेली.

"दशांशराव, बरं आहे ना?" बाईंनी हळूच विचारलं. ऑफिसात त्याचं हेच नाव होतं. कुणी तीन हजार दोनशे म्हटलं की "दोनशे आणि किती?" असं विचारायची त्याची खोड, त्यावरून पडलेलं. बायको गेल्यावर तो कामावर परतला तेव्हा सगळे त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारू लागले होते, जपून, काचेचं भांडं उचलावं तसे, आणि ते त्याला फार जड जात होतं. या बाईंनीच एके दिवशी डब्यातली भाजी पुढे सरकवत "घ्या दशांशराव, पाव चमचा घ्या" म्हटलं, आणि तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

काम तसं सरळ होतं. शहरापलीकडचा सगळा प्रदेश ताटासारखा सपाट, आणि जमिनीखालचं पाणी खारट. कुठे किती खारट ते दाखवणारा नकाशा करायचा होता. मोजलेल्या विहिरी थोड्याच होत्या, आणि त्याही बहुतेक रस्त्याच्या कडेने, कारण बाटल्या भरणारा माणूस गाडी जाईल तिथेच जातो. मधल्या मैलोन्‌मैल जमिनीखाली काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ते आजूबाजूच्या आकड्यांवरून ताडायचं. नळाचं पाणी येणार होतं, आणि नकाशात तांबड्या रंगात येतील त्या विहिरी दगडमातीने भरून वर सिमेंट ओतायचं ठरलं होतं, कुणी चुकून ते पाणी पिऊ नये म्हणून. बाकी सगळ्या विहिरींचे आकडे, म्हणजे लिटरभर पाण्यातले क्षाराचे मिलिग्रॅम, तीन हजारांच्या वर होते, काही चार हजारांच्या. आणि मधोमध, एका बंद पडलेल्या वीटभट्टीतल्या विहिरीचा आकडा होता चारशे दहा. पिण्याजोगं, नुसतं पिण्याजोगं नाही, गोड पाणी. नकाशातून ती विहीर उडवली की तिची जागा तांबडी होणार, आणि एकदा सिमेंट पडलं की ती खरंच गोड होती का हे पुन्हा कधी कुणाला विचारता येणार नाही.

साहेब आत आले. वयाने त्याच्याहून लहान, मनाने चांगला माणूस, फक्त उभ्या उभ्या बोलायची सवय. "काय गडबड आहे?" त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "हे काय, नकाशाला देवी आल्यात की काय?"

"वीटभट्टीची विहीर," बाई म्हणाल्या. "मी काढली होती. यांनी परत आणायला लावली."

"अहो, शून्य खाल्लं असेल. चार हजार शंभरचं चारशे दहा. नाहीतर बाटली भरणाऱ्याने कंटाळा केला असेल. ऊन होतं, भट्टी आडबाजूला, परतताना शहरात नळ दिसला, भरली बाटली. आपण काय ओळखत नाही का यांना?"

"ओळखतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. पण खरं असलं तर?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अलीकडे सगळेच ठेवत. "खरं असलं तर दुसरं माप आणा. शुक्रवारी नकाशा जातोय. एका साक्षीवर खटला उभा राहत नाही, दशांशराव."

एका साक्षीवर. साहेब गेले आणि ते शब्द टेबलावर राहिले, आणि तो त्यांच्याकडे पाहत बसला. त्याला दुसरंच पाणी दिसायला लागलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाचं. एका सोडून दिलेल्या दगडखाणीत पाणी साचलं होतं आणि ते मोजायला त्याला पाठवलं होतं. "मी येते," बायको म्हणाली होती, "घरात बसून भिंतींना काय सांगू?" त्याने तिला स्कूटरवर मागे बसवून नेलं. तो कडेला उकिडवा बसून बाटली विसळत होता. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, हा नियम. तिसऱ्या खेपेला बाजूला कापड फाटावं तसा एक लांब, बारीक आवाज झाला. वळून पाहिलं तर दगडावर तिच्या चपला एकमेकींना चिकटून ठेवलेल्या, त्यांच्यावर कपड्यांची घडी, आणि पाण्यात बऱ्याच अंतरावर तिचं डोकं, काळं, लहान, समोरच्या कातळाकडे एका लयीत सरकत चाललेलं. ती मागे बघत नव्हती. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. ही बुडाली तर आपण काय करणार, असा विचार त्याला आला आणि लगेच गेला, कारण ती बुडणार नाही हे दिसतच होतं. पाणी तिला वाट देत होतं. तिने पलीकडच्या कातळाला तळहात लावला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, कुणाच्या अंगात ताप आहे का बघावं तसा, आणि परत आली. केस पिळत म्हणाली, "चला. तुमचं झालं का?" येताना तिच्या ओल्या केसांनी त्याचा सदरा पाठीवर भिजला होता. त्याने मान वळवून विचारलं, "कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "शिकायचं काय त्यात? हात हलवले की होतं." आणि विषय संपला. तो कायमचाच संपला, हे तेव्हा कळलं नाही.

कारण त्यानंतर ती कधी पाण्यात गेली नाही. मुलगी लहान असताना ते समुद्रावर जायचे, आणि सगळे पाण्यात हुंदडत असताना ही वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखायची. घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा येत नसे. "माझे पाय गार पडतात," म्हणायची. मुलीने ओढलं तरी हसून हात सोडवून घ्यायची. सुरुवातीला त्याने एकदोनदा खाणीची आठवण काढली, तर ती "कुठली खाण?" अशा नजरेने बघायची, नाही म्हणायची नाही आणि हो म्हणायची नाही, आणि उठून गॅसवरचं काहीतरी बघायला जायची. मग त्याने विचारणं सोडलं. संसारात अशा कितीतरी गोष्टी विचारायच्या राहतात. कुलूप लावलंय असंही नसतं, आपण कडी काढायला हात पुढे करत नाही इतकंच. ती गेली तेव्हा भेटायला आलेले सगळे एकच बोलत होते. शांत बाई. सोशीक. कधी आवाज चढवला नाही. घर भलं नि आपण भलं. तो मान डोलवत होता, कारण ते खोटं नव्हतं. तिच्या हजारो दिवसांमधून कुठलाही उचलला असता तरी तो तेच सांगत होता. आणि त्याच खोलीत, मुलगी आणि मेहुणी शेजारी बसलेल्या असताना, त्याने न ठरवता ती खाणीची गोष्ट सांगितली. मग मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताईला पाण्याची भीती. आम्ही लहानपणी ओढ्यात डुंबायचो, ही काठावर आमचे कपडे राखायची." तिने त्याचा हात थोपटला. "माणूस गेलं की असं होतं." आणि मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला स्वप्न पडलं असेल." ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. त्या मऊपणाने त्याच्या पायाखालचं काहीतरी सरकलं. तेव्हापासून तो स्वतःच स्वतःला विचारू लागला होता. सदरा भिजला होता का? की त्या दिवशी वाटेत पाऊस लागला होता?

"बसा इकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली. "तुमच्या विहिरीला काय काय करता येतं ते तरी बघू." बाईंचं डोकं गणितात चांगलं चालायचं, आणि समजावून सांगताना त्या गाजर चिरल्यासारखं एकेक तुकडा पुढे टाकायच्या. पहिली पद्धत त्यालाही पाठ होती. जवळच्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. मधल्या कुठल्याही जागेचा आकडा काढायचा असला की आसपासच्या विहिरींना विचारायचं, आणि जी जितकी जवळ तितका तिच्या शब्दाला मान. मघाची वर्तुळं त्यातूनच आली होती. गोड विहिरीच्या शेजारी फक्त तिचंच चालतं, जरा दूर गेलं की बाकीचे ओरडून तिला गप्प करतात. जवळच्याचं जास्त ऐकायचं हे त्याला आजवर अगदी बरोबर वाटत आलं होतं. पण बहिणीहून जवळचं कोण? आणि बहीण नाही म्हणते. नवऱ्याहून जवळचं कोण? नवरा हो म्हणतो. अंतर कुठून मोजायचं हे या पद्धतीत कुणी सांगत नाही.

"दुसरी बघा," बाई म्हणाल्या. दुसरीत एक लवचिक पट्टी घ्यायची आणि ती प्रत्येक आकड्याला टेकेल अशी वाकवायची. कुणालाच दुखवायचं नाही. नकाशा सुंदर आला, लाटांसारखा. पण विहिरीच्या पुढे पट्टी खाली जी गेली ती शून्याच्याही खाली गेली. "हे काय?" त्याने विचारलं. "तिथे पाणी पावसापेक्षा गोड आहे," बाई म्हणाल्या आणि दोघेही हसले. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "असं होतं. एका आकड्याचा मान राखायला गेलं की पट्टीला तोल राहत नाही." तो हसायचा थांबला. गेले काही महिने तो रोज हेच करत होता. त्या एका दुपारवरून त्याने एक आख्खी दुसरी बाई उभी केली होती, निडर, मोकळी, सगळ्यांपासून लपून राहिलेली, आणि आपण तिला चपला राखायला बसवलं म्हणून स्वतःला बोल लावत होता. ती बाईसुद्धा पावसापेक्षा गोड होती. तशी कुणी नसते.

मग बाईंनी विहिरी झाकायला सुरुवात केली. एकेक विहीर झाकायची आणि बाकीच्यांना विचारायचं, इथे किती असेल सांगा. बहुतेक विहिरींच्या बाबतीत बाकीच्यांनी बऱ्यापैकी जवळचं उत्तर दिलं. वीटभट्टीची झाकली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, तीन हजार आठशे. कुठलीही पद्धत लावा, तीन हजार आठशे. "म्हणून साहेब म्हणतात चूक आहे," बाई म्हणाल्या.

"पण यावरून एवढंच कळतं ना," तो सावकाश म्हणाला, "की बाकीच्यांना तिच्याबद्दल काही माहीत नाही?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हो. एवढंच कळतं."

शेवटची पद्धत लांबची होती, आणि बाईंची आवडती. क्रिगिंग म्हणतात तिला. तिच्यात आधी ठरवून काही यायचं नाही. आधी जमिनीलाच विचारायचं, की बाई, तुझ्यात अंतराने फरक किती पडतो? प्रत्येक विहिरीची प्रत्येक विहिरीशी जोडी लावायची, आडवं दोघींमधलं अंतर, उभा दोघींमधला फरक, आणि ते सगळे ठिपके कागदावर मांडायचे. जवळच्या जोड्यांत फरक कमी, लांबच्या जोड्यांत जास्त, आणि एका अंतरानंतर एकीला दुसरीची काही खबरच नाही. त्या ठिपक्यांमधून एक रेघ जाते. गोड विहीर धरली की ती रेघ वेडीवाकडी व्हायची, कारण जिच्याशी जोडी लावावी तिच्याशी हिचा उभा दावा. म्हणून बाईंनी रेघ ठरवताना तिला बाजूला बसवलं. "हाकलली नाही हं," त्या म्हणाल्या, "नकाशा रंगवायच्या वेळी परत बोलावू." तो त्या रेघेकडे बघत होता. ती डावीकडे खाली येत होती, अंतर कमी कमी होत चाललं होतं, आणि ती शून्याला येऊन मिळेल असं त्याला वाटलं. मिळाली नाही. अंतर शून्य झालं तरी ती तळाच्या रेषेपासून बोटभर वरच होती.

"हे असं का?" त्याने विचारलं. "अंतर शून्य म्हणजे तीच विहीर. स्वतःपासून तिचा फरक कसा असेल?"

"एकाच विहिरीतून एकामागोमाग दोन बाटल्या भरल्यात कधी?"

"किती तरी वेळा."

"आकडा तोच येतो?"

"नाही येत. पण ते यंत्राचं असतं."

"थोडं यंत्राचं असतं," बाई म्हणाल्या. "थोडं खरंच तसं असतं. आपण मोजतो त्याहून बारीक काहीतरी तिथे चाललेलं असतं. ते आपल्या मापात मावत नाही. म्हणून शून्य अंतरावरही फरक उरतो. तो किती, हे ही पद्धत कबूल करून टाकते आणि मगच पुढे जाते."

बाहेर कुणीतरी लोखंडी कपाट ओढत होतं. इतकी वर्षं तो याच धंद्यात होता, बाटल्यांच्या बाटल्या भरल्या, दशांशावर भांडला, आणि हे त्याला कुणी असं सांगितलं नव्हतं. एका अंथरुणावर, एका पांघरुणाखाली, तिचा श्वास त्याच्या मानेला लागायचा. त्याहून कमी अंतर कुठे असतं? आणि तरी तिथे बोटभर काहीतरी राहिलं होतं. त्याला आजवर वाटायचं ती आपली हयगय. आणखी विचारलं असतं, आणखी ऐकलं असतं तर ते भरून निघालं असतं. आता समोर ही रेघ होती आणि ती काही मागत नव्हती. जमिनीचाच तो धर्म होता. बाईंनी दुसरा नकाशाही काढला, या पद्धतीत तोही मिळतो: आपल्याला कुठे किती माहीत नाही त्याचा. मोजलेल्या विहिरींपाशी गडद, आणि मध्ये सगळं फिकट होत होत कोरं. आपण गडद भागावर केवढा संसार मांडतो, आणि कोरा भाग केवढा अफाट आहे, हे तो बघत राहिला. आभाळाकडे बघताना लहानपणी मान दुखायची तशी त्याची मान दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात न जाता तो पिशवीत रिकाम्या बाटल्या आणि मोजणीचं यंत्र घालून स्कूटरवर वीटभट्टीकडे गेला. रस्ता संपला, मग गाडीवाट संपली. भट्टीचं धुराडं अर्धं पडलेलं होतं आणि राखणदार त्याच्या सावलीत खाटेवर पडून रेडिओचं पोट उघडून बसला होता. "पाणी बघायला?" राखणदार म्हणाला. "मागे एकजण आला होता. घामाने निथळत होता बिचारा. अर्धी कळशी प्यायला आणि एक बाटली भरून घेऊन गेला. मी म्हटलं, अहो, एकच?"

म्हणजे नळाचं नव्हतं. त्याने पिशवीतून बाटली काढली. "गोड आहे?"

"गोड नसतं तर मी इथे राहिलो असतो का? मालक पळाला, विटा गेल्या, बायको म्हणते गावात चल. मी म्हणतो, तिकडच्या पाण्यात डाळ शिजते का आधी ते सांग."

विहीर लहान होती, विटांनी बांधलेली, काठ दोरीने झिजलेला. त्याने बादली सोडली. बाटली एकदा विसळली, दोनदा, तीनदा. यंत्र बुडवलं. आकडा वरखाली झाला आणि थांबला. तीनशे शहाण्णव. चारशे दहा नाही. पण तेच. शून्य कुणी खाल्लं नव्हतं. त्याने ओंजळ भरली आणि प्यायला, आणि पाणी घशातून खाली गेलं तसं त्याच्या अंगावर काटा आला. चहूकडे, दिसेल तिथवर, खालची सगळी जमीन खारट होती, मैलच्या मैल, आणि तिच्या पोटात हे असं बसलं होतं. कुणाला न सांगता. "हे आलं कुठून?" तो जवळजवळ स्वतःशीच म्हणाला. राखणदार जवळ आला होता. "माती काढायचो ना, तेव्हा या अंगाला," त्याने हाताने पडक्या भिंतीपलीकडची एक लांब, थोडीशी बसकी जमीन दाखवली, "खाली रेती लागायची. धुतल्यासारखी. मालक शिव्या घालायचा, रेतीच्या काय विटा होतात? नदीची रेती, साहेब. पण नदी कुठाय?"

नदी कुठेच नव्हती. ती कधीतरी वाट बदलून निघून गेली होती, माणसं इथे यायच्या कितीतरी आधी, आणि वरून मातीने तिची जागा सारखी करून टाकली होती. पण खाली तिचं पात्र होतं. पावसाचं पाणी अजून त्याच वाटेने उतरत होतं, खारट जमिनीत न मिसळता, रेतीरेतीतून. म्हणजे विहिरीभोवती वर्तुळं नव्हतीच. तिथे एक लांब रेघ होती. तो त्या बसक्या जमिनीवरून चालत निघाला. ऊन चढलं होतं. चालत चालत बराच पुढे गेल्यावर कुणाच्या तरी सोडलेल्या झोपडीपाशी एक गंजका हातपंप होता. त्याने दांडा मारला, पुन्हा पुन्हा मारला, पंप खोकला आणि तांबडं पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. विसळलं, तीनदा. सहाशे बावीस. तो तिथेच जमिनीवर बसला. दुसरी साक्ष. त्याने तिथूनच बाईंना फोन लावला आणि दोन्ही आकडे सांगितले.

"सहाशे बावीस आणि किती?" बाईंनी विचारलं.

"चार दशांश," तो म्हणाला, आणि पलीकडे बाई मोठ्याने हसल्या. "तुमचीच ती क्रिगिंग लावा," तो म्हणाला. "वर्तुळं नकोत, पट्टी नको. जमीन या वाटेने लांबवर सारखी आहे आणि आडवी लगेच बदलते, ते तिला सांगता येतं ना?"

"येतं."

"आणि दुसरा नकाशा, कोरा भाग दाखवणारा, तो पहिल्याला जोडूनच द्या. कोऱ्यात असलेली एकही विहीर मोजल्याशिवाय बुजवायची नाही, असं लिहून."

"साहेब इथेच उभे आहेत, ऐकतायत," बाई म्हणाल्या. "मान डोलवतायत. म्हणतायत, टोपी घातलीय का विचारा."

फोन ठेवला तोच मुलीचा आला. ती दुसऱ्या शहरात असते आणि रोज या वेळी विचारते, जेवलात का. आज त्याने तिला तेवढंही विचारू दिलं नाही. विहिरीचं सांगितलं, नाहीशा झालेल्या नदीचं, एका आकड्यावर कुणाचा विश्वास नव्हता त्याचं, आणि मग दुसरा कसा मिळाला त्याचं. आईचा त्याने शब्दही काढला नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी तिसरीत का चौथीत असेन. शाळा लवकर सुटली होती. आले तर घराला कुलूप. मी पायरीवर बसले. आई आली ती मागच्या गल्लीने. केस ओले होते. पिळलेले. मी म्हटलं, कुठे गेली होतीस? तर म्हणाली, टाकी धुतली."

तो ऐकत होता.

"बाबा, त्या घरात आपल्याला टाकी कुठे होती?"

"नव्हती," तो म्हणाला.

"तिच्या अंगाला वास येत होता. साबणाचा नाही. शेवाळ्याचा. आणि ती... मला जवळ घेतलं तिने, आणि ती गार होती, सगळी गार, आणि खूप खूश होती. मी कुणाला सांगितलं नाही. तिने सांगू नको म्हटलं नव्हतं. मीच नाही सांगितलं." मुलीचा आवाज फुटला. "मी तुम्हाला स्वप्न पडलं म्हणाले."

"असू दे गं."

"कुठल्या पाण्यात गेली असेल?"

त्याने डोळे मिटले. त्या घरापासून शाळा सुटायच्या आत चालत जाऊन परत येण्यासारखं एकच पाणी होतं, पंपघराच्या मागे, जुन्या कालव्याचा डोह. त्या भागातलं सगळं पाणी मोजायचं काम तेव्हा त्याच्याकडेच होतं. दर महिन्याला तो त्या डोहाच्या काठी उकिडवा बसायचा आणि बाटली तीनदा विसळायचा. एखाद्या दिवशी सकाळी तो येऊन गेला असेल आणि दुपारी ती. एखाद्या दिवशी ती नुकतीच निघून गेली असेल आणि पाणी अजून हलत असेल. त्याने ते हलणारं पाणी भरलं असेल, झाकण घट्ट लावलं असेल आणि त्यावर तारीख घातली असेल.

"पंपघरामागचा डोह," तो म्हणाला. "मी मोजायचो तो."

"खोल होता?"

"दोन पुरुष."

"आणि गार?"

"भर उन्हाळ्यातसुद्धा." त्याला रडायचं नव्हतं, त्याला सांगायचं होतं, नीट, जसं होतं तसं. हातपंपाच्या तोंडातून अजून एकेक थेंब पडत होता आणि खालची माती तो लगेच पिऊन टाकत होती. "चांगलं पाणी होतं ते, बाळ," तो म्हणाला. "मला माहीत आहे. फार चांगलं पाणी होतं."